शब्दचर्चा : ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर) :
आमच्या गावच्या वाचनालयात खंजिरी भजनांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या असून, त्या ऐकवण्यासाठी यूएसबीने जोडायचा बाहेरचा डॅक (संगणकातील आकड्यांच्या रूपातील आवाजाचे स्पीकरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) घेतला आहे. संगणक कोणीही हाताळत असल्यामुळे फूबार २००० हा प्लेअर कसा लावावा, याचे मराठी सूचनापत्रक भिंतीवर लावायचे आहे. त्यातील ‘एक्सक्लुझिव्ह’ या सोयीसाठी ‘अनन्य’ लिहिले, तर भजनी मंडळींना अनन्यभक्तीच आठवते. ‘राखीव’ लिहिले, तर एसटीतली जागा. जाणकारांनी शब्द सुचवावा.

प्रतिसाद १ :
शब्द शोधण्याआधी ही सोय काय करते ते पाहू. एरवी विंडोज सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळून एकाच ठरावीक नमुनादराने (सेकंदाला आवाजाची जितकी मोजमापे, म्हणजे नमुने, त्या दराने) डॅककडे पाठवते. तो दर सेकंदाला ४८,००० असेल आणि आपली फाइल सीडीच्या दराने, म्हणजे ४४,१०० ने केलेली असेल, तर मूळच्या दर १४७ नमुन्यांचे हिशेबाने १६० करावे लागतात. एक्सक्लुझिव्ह निवडले की हे मिश्रण टळते, डॅक त्या प्लेअरच्या एकट्याच्या ताब्यात जातो आणि फाइलच्या मूळ दराने चालतो. (कॅसेटच्या सुरसुरीपुढे हा फरक कानाला कळेलच, असे मात्र सांगवत नाही.)

म्हणून मी ‘मक्ता’ सुचवतो. आपल्याकडे वावर मक्त्याने दिले की मुदतीपुरते मालकही त्यात पीक घेत नाही आणि मुदत सरली की वावर परत येते. प्लेअरने डॅक सोडला की तोही तसाच इतरांसाठी मोकळा होतो. एसटीतली राखीव जागा रिकामी असली तरी राखीवच असते, त्यामुळे तो शब्द येथे लागू पडत नाही. ‘ठेका’ही चालला असता, परंतु भजनाच्या खोलीत तो शब्द तबल्याने आधीच घेतलेला आहे.

प्रश्नकर्ता :
‘मक्ता’ पटला, परंतु आमच्या मंडळातील एका ज्येष्ठांना त्यात मक्तेदारीचा वास येतो. शिवाय डॅकला ‘रूपांतरक’ म्हणावे काय?

प्रतिसाद २ :
मक्तेदारीतला दोष ‘दारी’ने आणलेला आहे, नुसता मक्ता आपल्या भागात रोजच्या व्यवहारातला सरळ शब्द आहे, तेव्हा तो बिनदिक्कत वापरावा. ‘रूपांतरक’ मात्र टाळावा. तो वाचून कोणी विजेच्या डीपीकडे बोट दाखवील; तिला कागदोपत्री रोहित्र म्हणतात, हे लाइनमनखेरीज किती जणांना ठाऊक असते? ‘डॅक’ सुटसुटीत आहे, तोच ठेवावा. प्लेअर वाजवण्याआधी थोडा आवाज जिथे जमवून ठेवतो, त्या बफरला ‘आगाऊ साठा’ म्हणता येईल. तो फार कमी ठेवला की आवाज तुटतो, एवढे एक वाक्य त्याला पुरे.

पडद्यावर शब्द इंग्रजीच दिसणार असल्यामुळे त्याचा उच्चार आधी आणि मराठी शब्द नंतर द्यावा. मजकूर असा करता येईल : “प्रेफरन्सेसमधील ‘आउटपुट’ या पानावर डॅकच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ असे लिहिलेली ओळ निवडावी. यामुळे भजन सुरू असेपर्यंत डॅकचा मक्ता प्लेअरकडे राहील. त्या वेळी ब्राउझरमधील व्हिडिओचा आवाज डॅकवर येणार नाही. तो बिघाड समजून तारा काढू नयेत.”