सुयांवर एका वेळी एकच काम असावे की चार?

सैल हात (टिळकवाडी, बेळगाव)

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या जाऊबाईंनी कपाटाच्या तळाशी ठेवलेली कापडी पिशवी ओढून काढली, तिच्यातल्या चार अर्धवट विणलेल्या वस्तू एकामागून एक पलंगावर मांडल्या आणि "एक ना धड, भाराभर चिंध्या" एवढेच म्हणून त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आता सुचले आहे, आणि ते जाऊबाईंपेक्षा इथल्या विणणाऱ्यांसमोर मांडणे मला अधिक सोयीचे वाटते.

त्या चार वस्तू अशा होत्या: ह्यांच्यासाठी घेतलेला राखाडी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, ज्याची पाठ पूर्ण झाली असून पुढची बाजू नुकतीच सुरू झाली आहे, जाळीच्या विणीची एक शाल, एक रुंद मफलर, आणि नात्यातल्या एका बाळासाठी टोपरे व मोजे. बघणाऱ्याला हा पसारा वाटतो, हे मी समजू शकते. पण विणणाऱ्या बाईचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा नसतो आणि प्रत्येक काम प्रत्येक वेळेला जमत नाही, हे ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांना सांगून पटत नाही. मी कामानिमित्त आठवड्यातून तीनदा खानापूरला बसने जाते. त्या बसमध्ये मफलरच चालतो, कारण तो दोन्ही बाजूंनी नुसत्या सुलट टाक्यांचा आहे, त्याच्याकडे पाहावे लागत नाही आणि बस खड्ड्यात आदळली तरी काही बिघडत नाही. (लांब सरळ सुया शेजारच्या बाईच्या कोपराला लागतात, म्हणून त्यासाठी गोल सुई घेतली, हा शोध दोनदा बोलणी खाल्ल्यानंतर लागला.) शालीचे तसे नाही. तिच्या नक्षीत बारा टाक्यांची आवृत्ती आहे आणि एका ठिकाणी सुईवर धागा घ्यायचा विसरला की पुढची सारी जाळी एका टाक्याने सरकते. ते लक्षात येईपर्यंत तीन ओळी पुढे गेलेल्या असतात. ती शाल मी रात्री घर शांत झाल्यावर, चांगल्या दिव्याखाली, जेमतेम तासभर विणते. मग उरलेल्या वेळी मी हात बांधून बसावे काय?

दुसरे कारण शरीराचे आहे. दहा नंबरच्या बारीक सुईवर घट्ट वीण सलग आठवडाभर विणली की माझा उजवा अंगठा दुखू लागतो, आणि त्याच हाताने आठ नंबरच्या सुईवर मफलर विणला तर दुखत नाही. काम बदलले म्हणून हात चालू राहतो. माझे म्हणणे असे की छंद म्हणून विणणाऱ्याने तीन-चार कामे निरनिराळ्या सुयांवर ठेवावीत, आणि एकच धरून बसण्याच्या हट्टाला शिस्त असे मोठे नाव देऊ नये.

निपाणीची काकू

ताई, तुमच्या जाऊबाईंची बाजू घेणारे इथे कोणीतरी असावे, म्हणून लिहिते.

माझ्या भाचीचे पहिले बाळंतपण कार्तिकात होते. बाळंतविड्यात दुपटी, झबली इतर बायका शिवणार होत्या आणि स्वेटर, टोपरे व मोजे मी विणणार होते. श्रावणात टाके घातले, पाठ झाली, एक बाही झाली, आणि तेवढ्यात एका लग्नात अंगावर घ्यायला शाल हवी असे माझ्याच मनाने घेतले. पिवळ्या-पांढऱ्या लोकरीचा तो स्वेटर बाजूला पडला. शाल लग्नाला झाली नाहीच, ती पौषात झाली. त्यानंतर स्वेटर हाती घेतला तो फाल्गुनात पुरा झाला. भाचीच्या घरी जाऊन बाळाला घालायला गेले तर हात कोपरापाशी अडकला. बाळ रडले, भाची हसली, "मावशी, दुसऱ्याला होईल" म्हणाली. ती चांगल्या मनाची आहे. तो स्वेटर आज नऊ वर्षे माझ्या पेटीत आहे, कारण दुसरे झाले ते उन्हाळ्यात.

तेव्हापासून माझ्या घरी एकच काम सुईवर असते. आपण वेळेचे आणि अंगठ्याचे कारण सांगितलेत, ते खोटे नाही. पण खरे कारण तुम्ही सांगितले नाही, असे मला वाटते. पाठ विणताना नक्षी नवी असते, मजा असते. पुढची बाजू म्हणजे तेच काम पुन्हा, वर गळ्याची कटकट, आणि नेमक्या त्याच वेळी दुकानातली नवी लोकर डोळ्यांत भरते. तुमच्या स्वेटरची पाठ झाली आहे आणि पुढची बाजू नुकतीच सुरू आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. माझाही तिथेच थांबला होता. कंटाळ्याच्या त्या टप्प्यातून पलीकडे जाण्याची सवय ज्या हाताला लागत नाही, त्या हाताला कितीही पिशव्या दिल्या तरी त्या भरतच राहतात. आरंभशूर हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही.

शिवाय लोकरीचा हिशेब पाहा. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, छापलेला असतो. काम रखडले, दोन गुंडे कमी पडले आणि सहा महिन्यांनी दुकानात गेलात की रंग तोच मिळतो, लॉट मिळत नाही. विणल्यावर उन्हात धरले की पट्टा वेगळा दिसतो. एकच काम सलग केले असते तर कमतरता पंधरा दिवसांतच कळली असती.

पावसाळी (खानापूर)

मी दोन्हींच्या मध्ये आहे, पण झुकते माप पहिल्या ताईंना देईन.

आमच्या बाजूला विणकामाचे वर्ष पावसात सुरू होते. जूनपासून बाहेर पडणे कठीण, अंगणात काही वाळत घालता येत नाही, दुपारी लवकर अंधारते; तेव्हा बायका सुया काढतात आणि दिवाळीनंतरच्या थंडीपर्यंत घरातल्या चार-पाच माणसांचे काही ना काही व्हावे असे पाहतात. घरात तीन मुले असतील तर एकाचा स्वेटर संपवून मग दुसऱ्याचा घ्यायचा, असे करता तिसरा मार्गशीर्षात उघडा राहतो आणि भांडण होते. मी तिघांच्याही पाठी आधी विणून घेते. मोठ्या मुलाच्या पाठीत काही चुकले तर ते धाकट्यांच्या वेळी सुधारते.

मात्र पावसात ठेवलेल्या कामाची काळजी घ्यावी लागते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, खऱ्या लोकरीला लागते, आणि अर्धवट विणलेली वस्तू धुऊन ठेवलेली नसते, हाताच्या घामासकट पिशवीत जाते. जुन्या लोखंडी सुया दमट हवेत तशाच अडकून राहिल्या तर टाक्यांच्या ओळीवर गंजाचा डाग येतो. पांढऱ्या लोकरीवर तो निघत नाही. चार कामे ठेवणाऱ्याने दर पंधरवड्याला चारही पिशव्या उघडून पाहाव्यात. तेवढे होत नसेल तर काकूंचे म्हणणे खरे.

माग (वडगाव, बेळगाव)

मी विणत नाही, पण आमच्या घरी दोन पिढ्या हातमाग होता आणि शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत मागाच्या आवाजावर आम्ही लहानाचे मोठे झालो, म्हणून बोलण्याचे धाडस करतो. मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवला की त्यावरच्या सगळ्या साड्या उतरेपर्यंत दुसरे काही चढवता येत नाही. आजोबा नवा ताणा घेताना जुन्याच्या टोकांना एकेक धागा जोडत दोन-दोन दिवस बसत. मध्येच मन बदलले म्हणून तो सोडून देण्याची कल्पनाही घरात कोणाला सुचली नसती. हातातले काम पुरे केल्याखेरीज नवे हाती येत नाही, ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली नव्हती, ती मागानेच शिकवली. सुया स्वस्त आहेत आणि कितीही घेता येतात, म्हणून ही सवय लागत नसावी, असे मला नम्रपणे वाटते. विणणारा कोणीही असो, उतरलेले कापडच मोजले जाते.

सैल हात (टिळकवाडी, बेळगाव)

मागवाल्या दादांना आधी उत्तर देते. आमच्या शेजारी कन्नड बोलणाऱ्या अक्का राहतात. त्या मागावरच्या विणण्याला 'नेय्गे' म्हणतात आणि सुयांवरच्या विणण्याला 'हेणिगे'. आपण मराठीत दोन्हींना विणणेच म्हणतो, आणि या वादातला निम्मा घोळ त्या एका शब्दाने केला आहे. मागावर शेकडो धागे आधीच ताणून अडकलेले असतात. ते सोडायचे म्हणजे सारे कापडच सोडायचे. सुयांवर सगळे काम एकाच धाग्याचे असते आणि उसवण्याची भीती फक्त शेवटच्या ओळीतल्या मोकळ्या टाक्यांना असते. ते टाके जाड दोऱ्यात ओवून दोऱ्याची टोके बांधली की वस्तू वर्षभर पडून राहिली तरी एक टाका गळत नाही आणि सुई दुसऱ्या कामाला मोकळी होते. ही सोय या कलेत मुळातच असताना ती वापरू नये, हा नियम मागाचा आहे, तो सुयांना कशाला लावायचा? आजोबांचा माग घर चालवत होता. माझ्या मफलरवर कोणाचेही पोट नाही.

काकू, बाळंतविड्याचे मात्र मी मान्य करते. ज्या वस्तूला तिथी आहे ती एकटीच सुईवर असावी. तुमचे पत्र वाचून टोपरे त्याच रात्री पुरे केले, मोजे काल झाले. पण कंटाळ्याचे तुम्ही जे लिहिले त्यावर माझे मत वेगळे आहे. कंटाळा आला असताना रेटून विणलेली पुढची बाजू मी पाहिली आहे. तिच्यात हात घट्ट होतो, टाके दाटतात. कंटाळा उतरेपर्यंत ती बाजूला ठेवणे मला त्याहून बरे वाटते.

उलट-सुलट (चिकोडी)

हात घट्ट होण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचा आकडा सांगते, कारण या चर्चेत सगळे मनाच्या सवयींवर बोलत आहेत आणि मोजमाप कोणीच काढलेले नाही.

समजा, पाठीला ८८ टाके आहेत आणि आपल्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. पाठ ४० सेंटिमीटर रुंद येते. चार महिन्यांनी पुढची बाजू घेतली, तेव्हा हात थोडा घट्ट झाला होता आणि त्याच १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसले. टाके तेच ८८, पण रुंदी पावणेसदतीसच्या जराशी आत. म्हणजे पुढची बाजू पाठीपेक्षा सव्वातीन सेंटिमीटरहून अधिक अरुंद, आणि शिवताना दोन्ही कडा ओढून जुळवाव्या लागतात. असे रेटून विणल्याने होते तसे फार दिवस थांबल्यानेही होते. हात ऋतूगणिक बदलतो, वयाने बदलतो, जाड सुईवर महिनाभर काम करून बारीक सुईवर आलो तरी बदलतो. तेव्हा सैल हातताईंचा उपाय अर्धाच आहे.

दुसरा घोटाळा सुयांच्या नंबरांचा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते: आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.२५. नव्या गोल सुयांवर मात्र मिलिमीटर छापलेले असतात. टाके दोऱ्यात ओवून सुई मोकळी केली आणि ती कोणती होती हे चिठ्ठीवर लिहिले नाही, तर परत येताना हमखास चुकते. मी स्वतः दोन बाह्या दोन नंबरांच्या विणल्या आहेत. आता दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंडे जोडून, शेजारी शेजारी विणते. चुकल्या तर दोन्ही सारख्या चुकतात.

माझे मत विचाराल तर कामे कितीही ठेवावीत, पण एका वस्तूचे जे भाग एकमेकांना शिवायचे आहेत, त्यांच्यामध्ये दुसरे काम घुसू देऊ नये. थांबायचे असेल तर वस्तू पूर्ण झाल्यावर थांबावे, किंवा मफलरसारखी ज्याला जोडच नाही अशी वस्तू रखडवावी.

निपाणीची काकू

चिकोडीच्या बाईंनी माझेच म्हणणे आकड्यांत मांडले, त्याबद्दल आभार. स्वेटर म्हणजे पाठ, पुढची बाजू आणि बाह्या. त्यांच्यामध्ये काही घुसू द्यायचे नाही म्हटले की स्वेटर सुरू असेपर्यंत एकच काम राहिले. मफलर बसमध्ये चालू द्या, त्याला माझी हरकत नाही. पण सैल हातताई, एक साधा प्रश्न आहे. राखाडी स्वेटरची पाठ कोणत्या नंबरावर विणली होती आणि पुढची बाजू कोणत्या नंबरावर चालू आहे?

सैल हात (टिळकवाडी, बेळगाव)

काकू, रात्री पिशवी उघडून पाहिली. चिठ्ठी नव्हती. पाठीवर पट्टी ठेवून मोजले तर १० सेंटिमीटरमध्ये २५ टाके, पुढच्या बाजूवर २२. मध्यंतरी दहा नंबरच्या सुया बाळाच्या मोज्यांवर गेल्या होत्या आणि पुढच्या बाजूचे टाके मी हाताशी असलेल्या आठ नंबरवर घातले असावेत.

काठाची वीण आणि वरच्या सोळा ओळी उसवून गुंडा पुन्हा गुंडाळला आहे. आज दहा नंबरवर नव्याने टाके घातले, आणि पिशवीत सुईच्या नंबराची चिठ्ठी टाकली. शाल दोऱ्यात ओवून ठेवायचा विचार होता, पण नक्षीच्या मध्यावर आहे, ती सुईवरच राहील. मफलर उद्या खानापूरला जाईल.