ऊती संवर्धनाने वाढवलेली चारशे रोपे: याला जतन म्हणावे का?

पेरकांड (प्रश्न):
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एका दुर्मीळ झुडपाच्या पेरांचे तुकडे मुराशिगे आणि स्कूग यांच्या १९६२ च्या पोषक माध्यमावर वाढवत आहे. पहिली दोन उपसंवर्धने (तुकडे ताज्या माध्यमावर हलवणे) स्वच्छ गेली. तिसऱ्यात मात्र, दहाव्या दिवसाच्या सुमारास, देठ अगरमध्ये (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीत) जिथे रुतले आहे नेमके तिथे दुधाळ वलय दिसू लागले. सोडियम हायपोक्लोराइटने धुणे, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे), ज्योतीवर चिमटा तापवणे यांत कसूर झालेली नाही. दुसरा प्रश्न मार्गदर्शकांनी विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. सध्याची चारशे रोपे एकाच मातृवृक्षापासून झाली आहेत. तर मी ही जात जपली की नुसती वाढवली?

बाटलीबहाद्दर:
वलय देठाच्या बुडाशीच आहे, अगरच्या पृष्ठभागावर इतस्ततः ठिपके नाहीत, हे तुम्ही नोंदवले ते बरे झाले. हवेतून किंवा हातातून आलेला संसर्ग कुठेही उगवतो आणि बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो. तुमचे जिवाणू ऊतींच्या आतच असावेत. हायपोक्लोराइट फक्त बाहेरची साल धुते. प्रतिजैविक घातल्यास ते बहुतेक वेळा दबतात, मरत नाहीत, आणि औषध काढले की पुन्हा डोके वर काढतात.

पेराऐवजी शेंड्याची विभाजी ऊती, म्हणजे जिथे पेशी सतत विभागत असतात ते टोक, घेऊन पाहा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये विषाणूग्रस्त डेलियापासून निरोगी रोपे मिळवली ती याच वाटेने, कारण शेंड्याच्या टोकापर्यंत वाहक ऊती पोचलेल्या नसतात आणि रोगकारकही तिथे क्वचितच पोचतात. तुकडा जितका लहान तितका तो जगण्याची शक्यता कमी, ही किंमत मोजावी लागते. शिवाय प्रत्येक उपसंवर्धनाआधी देठाच्या बुडाची एक चकती पोषक अगरवर ठेवून दोन-तीन दिवस पाहत जा. माझ्या मते ही सवय कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त उपयोगी आहे.

बीजकोश:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे: चारशे रोपे म्हणजे चारशे बाटल्यांतला एकच जीव. झुडूप स्वपरागणाने, म्हणजे स्वतःच्याच परागांनी, फळ धरत नसेल, तर ही सगळी रोपे शेजारी शेजारी लावूनही बी मिळणार नाही.

रोपनिर्मिती आणि जतन यांत अवजारे तीच असली, तरी ती उलट दिशेने चालवावी लागतात. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या वनस्पती संप्रेरकांपैकी ऑक्झिनच्या तुलनेत सायटोकायनिन वाढवले की फुटवे येतात आणि उलट केले की मुळे. रोपवाटिकेला फुटवे हवेत, म्हणून ती सायटोकायनिनचा हात सैल सोडते. जतन करणाऱ्याला मात्र वाढ मंदावायची असते. त्यासाठी तापमान उतरवतात, माध्यमातले क्षार निम्मे करतात किंवा मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घालतात, म्हणजे उपसंवर्धन वर्षाकाठी एखाद्या वेळीच करावे लागते. बेल्जियममधील लूव्हेन येथील केळीच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात १,५०० हून अधिक नमुने असे नळ्यांमध्ये सुमारे १६ अंश सेल्सिअसला ठेवलेले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांची दुसरी प्रत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहे. खायच्या केळीला बी धरत नाही, म्हणून हा खटाटोप अटळ आहे. तुमच्या झुडपाला वाळवून टिकणारे बी येत असेल, तर बीजपेढी स्वस्त आणि अधिक व्यापक. ऊती संवर्धन तिथे दुय्यम.

कॅलसच्या, म्हणजे पेशींच्या आकारहीन गोळ्यातून रोपे काढण्याच्या, मार्गाने मात्र जाऊ नका. अशा रोपांत अनपेक्षित बदल शिरतात, त्यांना लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये कायिक-क्लोनी विविधता असे नाव दिले. तेल-माडाच्या (पाम तेलाच्या झाडाच्या) क्लोनांमध्ये, म्हणजे एकाच झाडापासून केलेल्या प्रतींमध्ये, फळे विकृत निघाली, पण हे कळले ते झाडे फुलल्यावर, म्हणजे लागवडीनंतर काही वर्षांनी.

ओलसर:
एक पुरवणी. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो आणि त्यांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. रोप उघड्यावर काढले की अर्ध्या तासात पाने लोंबतात. आधी मुळांवरचे अगर पूर्ण धुवा, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. मग झाकणाखाली ठेवून आर्द्रता दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवा.

पेरकांड:
सर्वांचे आभार. जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा दिसले की आमचे झुडूप दरवर्षी फुलते, पण फळ धरल्याची एकही नोंद नाही. मला वाटायचे की परागसिंचन करणारे कीटकच इथे नसावेत. आता आधी हाताने परागण करून पाहीन आणि नैसर्गिक अधिवासातल्या इतर झुडपांचे शेंडे परवानगीने मिळतात का, ते विचारीन.

बीजकोश:
मिळाले, तर प्रत्येक झुडपाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि तो बाटलीच्या झाकणावर नव्हे, काचेवर लिहा. झाकणांची अदलाबदल होते.