अनुभव सांगा: गाडीला आलेला गंज आणि फुगलेला रंग, तुम्ही काय केलंत?

पाऊस उघडला, गाडी नीट धुतली की चार महिन्यांत काय काय झालंय ते सगळं दिसायला लागतं. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला, बॉनेटवर खडीचे टवके, टपावरचं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पांढरट पडून सालपटासारखं निघतंय. प्रत्येकाने यावर काही ना काही केलेलं असतंच, ते इथे लिहा. समुद्राजवळ राहता की घाटावर, गंज नेमका कुठे आला, खरवडल्यावर आत काय निघालं आणि केलेलं काम किती टिकलं, हे आलं तर वाचणाऱ्याला खरंच उपयोग होईल. नुसतं 'सर्व्हिस सेंटरला द्या' नको. मीच सुरुवात करते.

रत्नागिरी
आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत, गाडीचं काय घेऊन बसलात. मागच्या दाराच्या खाली बोराएवढा फोड आला होता. पेंटर काकांनी आधी रंगाला हातच लावला नाही, दाराचं आतलं कव्हर उतरवलं आणि मला बोलावून दाखवलं. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात जातंच, ते बाहेर पडायला खालच्या कडेला भोकं असतात, ती लाल मातीने आणि कुजलेल्या पानांनी पार बुजलेली. पाणी आत साठतं, पत्रा आतून सडत जातो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. काकांनी भोकं तारेने मोकळी केली, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासलं, खड्ड्यात राहिलेल्या काळ्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडवालं लिक्विड लावलं, ते धुऊन पूर्ण सुकवलं, मग इपॉक्सी प्रायमर आणि त्याच्यावर अगदी पातळ लांबी (खड्डे भरायची पुट्टी), पुढे सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सारखा करणारा थर), रंग, क्लिअर. आतल्या बाजूने मेणाचा स्प्रे मारला. लांबी पाणी पिते म्हणाले, म्हणून ती उघड्या पत्र्यावर थापायची नाही. त्यानंतर बरेच पावसाळे गेले, ती कड अजून साफ आहे. आता दर पावसाळ्याआधी आम्ही चारही दारांची भोकं बघतो, त्याला एक पैसा लागत नाही.

डोंबिवली
माझा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण तो गंज गाडीचा नव्हताच. पांढरी गाडी, आणि बॉनेट-टपावर बारीक नारिंगी ठिपके, शेकड्याने. एका गॅरेजवाल्याने बॉनेट आणि टप दोन्ही रंगवायला लागेल म्हणून सांगितलं. पण ठिपक्यावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागायचं, रंग कुठेच फुगलेला नव्हता. आमचं पार्किंग रेल्वे लाइनला लागून आहे, चाकं, ब्रेक, रूळ यांच्या घासण्यातून लोखंडाचा भुगा उडतो, तो रंगावर बसतो आणि दमट हवेत तिथेच गंजतो. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं लिक्विड) मारलं की त्याचे जांभळे ओघळ येतात (वास भयंकर, मास्क लावून मोकळ्या हवेत करा आणि उन्हात वाळू देऊ नका), मग भरपूर पाणी मारून उरलेलं क्ले बारने (रंगावरून फिरवायची मऊ मातीसारखी वडी) काढलं, वर वॅक्स. रंगकामाचा सगळा खर्च वाचला. सोसायटीत ग्रिलचं वेल्डिंग-ग्राइंडिंग चालू असेल तर शेजारच्या गाड्यांवर हेच होतं, तेव्हा गाडी लांब लावा.

देवगड
मोहोराच्या दिवसात गाडी कलमाखाली लावू नका. तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यावर धूळ, मग काळी बुरशी, आणि उन्हात भाजला की क्लिअरवर डाग बसतो. रोज साध्या पाण्याने भिजवून काढला तर काही होत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, सुकल्यावर फडक्याने कोरडी घासायची नाही.

कोल्हापूर
मी स्वतः डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. गिऱ्हाईक येतं ते रंग बघायला, पण काम सगळं रंगाच्या खाली असतंय. कंपनीतून येणारा सगळा रंग, म्हणजे पत्र्यावरच्या कोटिंगपासून क्लिअरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) असतो, त्यात क्लिअर ४०-५०. त्यामुळं सारखं रबिंग (घासून चकाकी आणायचं पॉलिश) मारून घेणारे लोक दरवेळी थोडं क्लिअर घालवतात. रंगात मासोळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर बहुतेक वेळा सिलिकॉन असतं, डॅशबोर्डला किंवा टायरला लावायचं ते चकाकीचं पॉलिश पत्र्यावर उडालेलं असतं, म्हणून रंगकामाला गाडी आणायच्या आधी असलं काही मारू नका. भर पावसात उघड्यावर रंग मारायला सांगू नका, हवेतली ओल धरली की रंग धुरकट होतो. आणि तळाला काळं कोटिंग मारायचं तर आधी गंज काढायलाच पाहिजे, नाहीतर ओल आत कोंडून राहते, वरनं सगळं छान दिसतं आणि खाली पत्रा पापडासारखा होतो. जुनी गाडी घेताना चुंबकाला पातळ कापड गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथं पकड एकदम ढिली होते तिथं लांबी जाड आहे. कुठल्याही पेंटरला एवढंच सांगा, घासून पत्रा उघडा केला की प्रायमर मारायच्या आधी मला बोलवा. चांगला माणूस याला कधी नाही म्हणत नाही.

पुणे
बॉनेटच्या टवक्यांसाठी: कलर कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर मिळतो, त्या कोडचा टचअप रंग (छोट्या बाटलीतला) आणा. टवका लहान असताना साफ करून, प्रायमरचा ठिपका, मग टूथपिकने रंगाचे पातळ थर, प्रत्येक थर सुकू देऊन. मेटॅलिक सिल्व्हर कधीच शंभर टक्के जुळत नाही, जवळून दिसतं, पण डंपरमागून घाट चढणाऱ्या गाडीला रोज नवे टवके येणारच आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पत्रा उघडा न राहणं.

टोरांटो
इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणजे कोकणातला वारा खालून चाकांच्या कमानीत घुसतो असं समजा. दर शरद ऋतूत तळाला आणि दारांच्या आत तेलाचा स्प्रे मारून घेतो, तो घट्ट कोटिंगसारखा फुटत नाही, पसरत राहतो. तापमान शून्याच्या वर गेलं की खालून धुवायची. इथली गंजाची वॉरंटी नीट वाचा, बहुतेकदा पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तरच लागू होते, वरवरच्या डागांना नाही.

ठाणे
विम्यात गंज बसत नाही, ती झीज धरतात, क्लेम करून वेळ घालवू नका. माझा प्रश्न पुढच्या काचेच्या फ्रेमचा आहे. पायाखालचं कार्पेट ओलं राहायचं, शोधलं तर रबराखाली फ्रेम गंजलेली, तिथून पाणी आत येतंय. बाबांची गाडी पंधरा वर्षांची होतेय, आरसी रिन्यू करायची आहे आणि त्यांना ती विकायची नाहीये, मलाही नाही. काच काढून फ्रेमला वेल्डिंग करावं लागेल असं मिस्त्री म्हणतात. कोणी हे केलंय का, जुनी काच शाबूत निघाली का, आणि वेल्डिंगच्या जागी पुन्हा गंज किती वर्षांनी आला? कोल्हापूरवाल्या दादांनी जरूर सांगावं.