खानावळ चालवणाऱ्या माणसाचे चरित्र कशावरून लिहावे?

प्रश्न : मालवणची माहेरवाशीण

नमस्कार. मालवणात एसटी स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर माझ्या वडिलांची खानावळ होती. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणत असे आणि आम्ही मुलेही तसेच म्हणत असू. १९७९ साली दोन बाकडी आणि एक चूल एवढ्यावर त्यांनी ती सुरू केली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ती प्रथमच सलग काही महिने बंद राहिली आणि मे २०२१मध्ये तौक्ते वादळात मागच्या पडवीवर माड पडला, तेव्हापासून ती पुन्हा उघडली नाही. गेल्या भाद्रपदात अण्णा गेले. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणपुस्तिका छापून नातेवाइकांना आणि जुन्या गिऱ्हाइकांना द्यावी, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे.

अडचण अशी की अण्णांनी आयुष्यात ना रोजनिशी लिहिली, ना कोणाला लांब पत्र. छायाचित्रांतही ते फारसे नाहीत, कारण घरात चार माणसे जमली की ते चुलीपाशी असत. मागे राहिल्या आहेत त्या लाल कापडी बांधणीच्या उधारीच्या तेवीस वह्या. त्यांत नावापुढे धंदा, जेवणाची वेळ आणि रक्कम एवढेच असते. पैसे आले की नोंदीवर आडवी रेघ मारलेली आहे. परंतु कित्येक नोंदींवर रेघ नाही. शेजारी समासात पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढलेले आहे. आम्ही धरून चाललो आहोत की हे बुडालेले पैसे.

माझ्या भावाचे म्हणणे आहे की बुडालेल्या उधारीचा उल्लेखच करू नये, त्यात लोकांचीही शोभा नाही आणि आपलीही. मला वाटते की वह्या वगळल्या तर अण्णांविषयी आपण जे लिहू, ते कोणत्याही सज्जन माणसाविषयी लिहिता येईल. या वह्यांवरून माणूस कसा उभा करावा, याविषयी जाणकारांनी सांगावे. कोणी तिथे जेवलेले असेल, तर त्यांनी आठवण अवश्य लिहावी.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

ताई, आपल्या वहीत 'मास्तर, दोन वेळचे' अशी नोंद १९८४ ते १९८७ या काळात दिसली, तर तो मी असण्याची शक्यता फार आहे. मी घाटावरून नोकरीसाठी आलो, तेव्हा बांगडा कसा खातात हेही मला ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी माझ्या घशात काटा अडकला. अण्णांनी सुक्या भाताचा मुटका गिळायला लावून तो उतरवला, मग समोर बसून दुसरा बांगडा स्वतःच्या हाताने सोडवून दाखवला: आधी पाठीकडचे मांस बोटाने मधल्या काट्यापासून अलगद सुटे करायचे, मग पोटाकडचे, आणि शेवटी डोक्याला धरून सगळा काटा एका हिसक्यात उचलायचा. तिखल्यातली, म्हणजे माशाच्या तिखट कालवणातली, तिरफळे चावायची नसतात, ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात, हेही त्यांनीच सांगितले.

त्यांच्या दारात एक काळा फळा असे. मासा मनासारखा मिळाला नाही, तर त्यावर सकाळी नऊलाच खडूने 'आज मासा नाही' असे लिहून ते मोकळे होत. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने, काल परवाचा असला तरी चालेल, तळून द्या, असा फार आग्रह धरल्याचे मी स्वतः ऐकले आहे. अण्णा म्हणाले, "मासो बरो नाय. काळ्या वाटाण्याची उसळ आसा, सोलकढी आसा, ती जेवा." ती माणसे उठून गेली. त्या दिवशी खानावळीत आम्ही तिघेच होतो, तरी अण्णांच्या चेहऱ्यावर चुकल्याची खूण नव्हती. मला त्यांचा मोठेपणा दिसला तो इथे.

एकदा आमचे पगार तीन महिने अडकले. मी जेवायला जाणे टाळू लागलो, तेव्हा त्यांनी शाळेच्या फाटकाशी येऊन मला गाठले आणि "पैशे मगे दी, आदी जेवक चल" एवढेच म्हणाले. पगार झाल्यावर मी दोन महिन्यांचे पैसे दिले. तिसऱ्या महिन्याचे त्यांनी घेतलेच नाहीत. कारण विचारले, तर बोलणे दुसरीकडे नेले. ती नोंद माझ्या नावासकट छापायला माझी पूर्ण संमती आहे.

उत्तर २ : दांडीचा

माझी आय दांडीच्या किनाऱ्यावर मासे विकायची आणि अण्णा तिचे रोजचे गिऱ्हाईक. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली की लिलावाच्या गर्दीत ते मागे उभे राहत. कल्ला उघडून आतला लाल रंग पाहत, पोटावर अंगठा दाबून तो खड्डा भरून येतो का ते पाहत, आणि मगच दर विचारत. दरात घासाघीस करत, हेही लिहावे, कारण ते भोळे नव्हते. मात्र एकदा ठरलेला दर संध्याकाळी पैसे देताना त्यांनी कधी खाली आणला नाही.

वह्यांविषयी मला एक वेगळे सांगायचे आहे. त्या उधारीच्या वह्यांत बाहेर बसून जेवणारी माणसे आहेत. आत रांधणाऱ्या काकू कुठल्याही पानावर नसणार. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या आणि धणे वाळवून, वर्षभराचा मसाला भाजून कुटून ठेवणे, कोकमाची साले रसात बुडवून पुनःपुन्हा उन्हात घालून आमसुले करणे, पावसासाठी सुके बांगडे आणि सुकट भरून ठेवणे, हे सगळे त्यांच्या हातचे होते. माझी आय मासे देऊन माघारी येताना काकूंच्या हातची पेज पिऊन यायची. अण्णांची पुस्तिका जरूर काढा, पण ती खानावळ दोघांची होती, आणि काकू असतील तर लिहायला बसण्याआधी त्यांच्यापुढे वह्या ठेवा.

उत्तर ३ : स्थानिक इतिहासाचा वाचक, कुडाळ

वरील सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिला जोडून रीतीविषयी थोडे लिहितो. तेवीस वह्या पहिल्या पानापासून वाचत गेलात, तर रकमांच्या गर्दीत हरवाल. त्याऐवजी प्रत्येक वर्षाचे दोनच भाग निवडा. एक, आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस. जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे ती दर वर्षी बदलते. पण त्या दिवसांत चाकरमानी गावी आलेले असतात आणि वहीत अनोळखी नावे वाढलेली दिसतील. दुसरा, आगोटीनंतरचे, म्हणजे पावसाळा लागल्यानंतरचे दिवस, जेव्हा यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते (सध्या हा बंदीकाळ १ जून ते ३१ जुलै असा आहे), ताजा मासा दुर्मीळ होतो आणि खानावळ रोजच्या गिऱ्हाइकांवर चालते.

मग या नोंदी गावाच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्यानंतर पर्यटक कुडाळला उतरून मालवण गाठू लागले. एसटीचे वाहक, मास्तर, बंदरावरचे हमाल यांच्या जागी कोण आले, अण्णांनी फळ्यावरचा नियम तेव्हाही पाळला का, याचे उत्तर वह्यांत सापडण्याजोगे आहे. उधारी जरूर छापावी. परंतु संमती नसेल तिथे नाव गाळून केवळ धंदा ठेवावा. अण्णांनी स्वतःच नावापुढे धंदा लिहिला असल्यामुळे वाचकाला माणूस तरीही कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. दांडीच्या भावाचे वाचून मी त्याच रात्री आईसमोर वह्या ठेवल्या. आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते, याची मला खरोखर लाज वाटली.

समासातल्या वर्तुळांचा अर्थ आम्ही पूर्णपणे चुकीचा लावला होता. आईने पाहताच सांगितले की वर्तुळ म्हणजे फिटलेले, पण पैशांनी नव्हे. एका बाईंच्या नोंदीपुढे तिने बोट ठेवले आणि म्हणाली, "हिणा वर्साची तिरफळां दिली." सुताराच्या नोंदीपुढचे वर्तुळ म्हणजे आमच्या घरातला पाट आणि विळीची फळी. एका खलाशाने दोन पावसाळे पडवीला झापांची, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांची, झड बांधून दिली होती. सर, १९८६च्या वहीत आपली तिसऱ्या महिन्याची नोंद मिळाली. आई म्हणाली, "धाकट्याचा गणित." आपण त्या वर्षी माझ्या भावाला संध्याकाळी शिकवत होता, हे आपण लिहिले नाहीत, पण पुस्तिकेला विरोध करणारा तो भाऊच हे ऐकून गप्प झाला, आणि आता वर्तुळांच्या नोंदी तोच उतरवून काढतो आहे.

पुस्तिका दोघांच्या नावाने निघेल. आईने आतापर्यंत नऊ वह्या पाहिल्या आहेत. दुपारी जेवण झाले की ती चष्मा लावून बसते, एका बैठकीत चार-पाच पाने होतात, आणि एखादे वर्तुळ आठवले नाही तर तिथे तांदळाचा दाणा ठेवून पुढे जाते. दांडीच्या भावाला विनंती आहे की आपल्या आय असतील, तर त्यांना एक दिवस घरी घेऊन यावे. त्यांतले निदान तीन दाणे माशांच्या हिशोबाचे आहेत, असे आईचे म्हणणे आहे.