सॉव्हरिन हिल: तुमच्या परातीत काय आलं?

रानजाई
मेलबर्नच्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले की बॅलरॅटची एक फेरी ठरलेली. १८५१ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली. त्या दहाएक वर्षांतलं गाव जुन्या खाणींच्या जागेवरच 'सॉव्हरिन हिल' नावाने पुन्हा वसवलंय, १९७० पासून ते बघायला खुलं आहे. काल आमची चौथी खेप झाली. तिकीट महाग आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. तिथलं काय डोक्यात राहिलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आम्ही रस्त्यात उभे असताना जुन्या वेशातल्या शिपायाने बाबांना दरडावून परवाना मागितला. बाबांचा हात खरंच खिशाकडे गेला! सुरुवातीला सोनं खणायच्या परवान्याचे महिन्याला ३० शिलिंग पडत, सोनं मिळो न मिळो. पोलीस येताना दिसले की खाणवाले एकमेकांना 'जो! जो!' अशी हाळी देत. गव्हर्नर ला ट्रोब यांच्या नावातल्या 'जोसेफ'वरून ती पडली. परतीच्या वाटेवर सिग्नलला पोलिसाची गाडी दिसली आणि मागच्या सीटवरून बाबा ओरडले, "जो! जो!"

बोरकूट
आमचे सासरे जळगावचे. ओढ्याकाठी सगळे सोनं धुवायचे पॅन घेऊन वाकलेले आणि हे बाजूला हाताची घडी घालून उभे. म्हणाले, "हे तर आपले झारेकरी." त्यांच्या लहानपणी सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, गटारातला गाळ उपसून धुणारी माणसं असत. कानशीची, घासकामाची बारीक पूड त्यातून निघे.

मग त्यांनी माझ्या हातातला पॅन काढूनच घेतला. मी पाखडायला लागले होते, सुपात तांदूळ पाखडावेत तशी. "उडवायचं नाही, बुडवायचं." पॅन पाण्याखाली धरून हलवायचा. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू अडीच-पावणेतीन पट. म्हणून सोनं तळाशी बसतं. मग पॅन जरा कलता करून वरची खडी थोडी थोडी वाहून जाऊ द्यायची. शेवटी काळी रेती राहते. घाई केली की सगळंच जातं. तासाभरात त्यांना तीन कण मिळाले. आम्हा चौघांना मिळून शून्य.

टवाळ
हातांना मुंग्या, बूट ओले, सोनं नाही. रासबेरीच्या गोळ्या घेतल्या, गाडीत संपल्या. संपला अनुभव.

दुसरी घंटा
लेकीच्या शाळेने दोन दिवस तिथल्या शाळेत नेलं होतं. बॉनेट, लांब झगा, टाक आणि दौत. बाई कडक, बोलायच्या आधी उभं राहायचं. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तिथे डाग पडला की तो खोडताच येत नाही." आठवडाभर मला 'मॅम' म्हणत होती. आठव्या दिवशी पुन्हा 'अगं आई, थांब ना'.

अंधारकोठी
मला खाणच आठवते. १८५८ मध्ये जवळच्या बेकरी हिलवर 'वेलकम नगेट' नावाचा सोन्याचा गोळा मिळाला, साधारण ६९ किलोचा, ५५ मीटर खोल. आपल्याकडे असा गोळा मिळता तर त्याचं देऊळ झालं असतं. तिकडे तो लंडनला नेऊन लोकांना दाखवला आणि पुढच्याच वर्षी वितळवून नाणी पाडली. वर शेडमध्ये सोनं ओतून दाखवतात, तिथे हे आठवून मला उगाच चुटपुट लागली.

काठावरचा
थोडा कडू बोलतो. लाल डगलेवाल्या सैनिकांनी बंदुका उडवल्या की सगळे टाळ्या वाजवतात. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे परवान्याविरुद्ध उठलेल्या खाणवाल्यांच्या युरेका इथल्या तटबंदीवर अशाच सैनिकांनी हल्ला केला आणि निदान वीसेक खाणवाले मेले. पुढे राजद्रोहाचे तेरा आरोपी ज्यूरीने सोडून दिले, आणि १८५५ मध्ये त्या महागड्या परवान्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा परवाना आला, सोबत मताचा हक्क.

पण त्याच वर्षी व्हिक्टोरियात उतरणाऱ्या चिनी माणसांवर डोईमागे दहा पौंड कर बसला. मग जहाजं त्यांना शेजारच्या वसाहतीत रोबला उतरवू लागली आणि ती माणसं शेकडो किलोमीटर चालत इथे आली. मी परदेशातून इथे आलेला, व्हिसाच्या रांगा काढलेला माणूस. त्या चिनी वस्तीतल्या तंबूंपुढे मला जास्त वेळ लागला. मुलं कंटाळून घोडागाडीकडे पळाली.

रानजाई
@बोरकूट, त्या तीन कणांचं काय झालं?

बोरकूट
काचेच्या कुपीत भरून जळगावला नेले, ओळखीच्या सराफाला दाखवले. तो म्हणाला, "काका, काट्याला लागणार नाही हो." आता ती कुपी देव्हाऱ्यात आहे. दसऱ्याला तिच्यावर आपट्याचं पान ठेवतात.