प्रतिसाद: रंग नव्हे, टोकावरचा थेंब
टाकीत द्रव आहे की नाही हे ओळखणारा काचेच्या टोकाचा सेन्सर द्रवाच्या रंगावर चालतो, हे विधान पटत नाही; तो अपवर्तनांकावर (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो, त्या मापावर) चालतो. टोक हवेत असताना सेन्सरच्या आतून 45 अंशांनी आदळणारा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे बाहेर न पडता सगळाच, मागे फिरतो, कारण काच आणि हवा यांच्यामधला क्रांतिक कोन (ज्याच्यापुढे प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही तो कोन) सुमारे 42 अंश असतो. पाण्यात हाच कोन 62 अंशांवर जातो आणि प्रकाश बाहेर निसटतो; परतणारा प्रकाश घटला की सेन्सर ‘भरलेली’ दाखवतो. (दुधातले स्निग्ध कण थोडा प्रकाश उलट फेकतात, तेवढा अपवाद.)

टाकी रिकामी होऊनही ‘भरलेली’ दिसण्याचा दोष मात्र माझ्याकडे वायरिंगचा नव्हता, टोकाला लोंबणाऱ्या थेंबाचा होता: त्या थेंबातूनही प्रकाश बाहेर निसटत राहतो. झाकणातून उभा सोडलेला तोच सेन्सर टाकीच्या बाजूला आडवा बसवल्यावर थेंब ओघळून जाऊ लागला.