नोकरी नाही, व्यवसाय आहे: क्रेडिट कार्ड मिळवतानाचे आपले अनुभव लिहावेत

पगारपत्रक नसताना क्रेडिट कार्ड मिळवण्यासाठी काय करावे लागले, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. आरंभ माझ्यापासून करतो.

मोटर रिवाइंडिंग, अचलपूर तालुका

हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत माझ्या दुकानात जळालेल्या पंपांच्या मोटारींची रांग लागते. तांब्याची तार अमरावतीहून रोखीने आणावी लागते आणि शेतकऱ्यांकडून पैसे मिळतात ते कापूस विकला गेल्यावर. मधल्या महिना-दीड महिन्याची सोय म्हणून कार्ड हवे होते. पहिला अर्ज उत्पन्नाचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून नाकारला गेला. अर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे, म्हणून ते अवश्य मागून घ्यावे.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली (ती पूर्णपणे निःशुल्क आहे, कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत), चालू खाते उघडले, दुकानात क्यूआर कोड लावला आणि १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीखाली (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवरून अंदाजे नफा दाखवण्याची सोय) आयटीआर-४ हे विवरणपत्र भरले. या कलमानुसार रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. माझ्या सल्लागाराने नऊ लाखांच्या उलाढालीवर जेमतेम बहात्तर हजार दाखवले आणि तो आकडा पाहून दुसऱ्यांदा नकार आला. आमच्या कामात मजुरीचा वाटा मोठा असल्याने खरी कमाई त्याहून बरीच अधिक होती, आणि ती अधिक असेल तर तीच दाखवायची असते, हे मला त्या वेळी उमगले. पुढील दोन वर्षे खरा नफा दाखवला. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या कलम ८७एच्या सवलतीमुळे त्यावर कर भरावा लागला नाही. तिसऱ्या अर्जावर चाळीस हजारांच्या मर्यादेचे कार्ड मिळाले.

शिवणकाम, आर्वी

मी शाळांचे गणवेश शिवते. यजमानांच्या कार्डावरचे पुरवणी कार्ड चार वर्षे वापरले आणि त्यातून माझीही पत तयार होत असेल, असे मानत राहिले. सिबिल या पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल काढला तेव्हा माझ्या नावावर काहीच नव्हते, कारण पुरवणी कार्डाचा व्यवहार मूळ कार्डधारकाच्या नावे नोंदला जातो. त्यानंतर पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर वीस हजारांच्या मर्यादेचे कार्ड घेतले. उत्पन्नाचा एकही कागद कोणी मागितला नाही. अस्तर, दोरा आणि बटणे एवढीच खरेदी त्यावर केली आणि दरमहा संपूर्ण बिल मुदतीआधी भरले. वर्षभराने ठेवीशिवायचे कार्ड माझ्या स्वतःच्या नावावर मिळाले, याचे मला फार समाधान आहे.

संत्रा बाग आणि भाड्याचा ट्रॅक्टर, वरूड

आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून येणाऱ्या फळांचा) सौदा व्यापाऱ्याशी उभ्या बागेवर होतो. ते शेती उत्पन्न आयकराच्या कलम १०(१) नुसार करमुक्त असल्याने मी कधी विवरणपत्रच भरले नव्हते, त्यामुळे बँकेच्या लेखी मला उत्पन्न नव्हते. 'किसान क्रेडिट कार्ड आहे ना तुमच्याकडे?' असे मला विचारण्यात आले. ते पीककर्ज आहे, त्याने पेट्रोल पंपावर डिझेलचे बिल सहजासहजी भागत नाही.

खरी अडचण सिबिलच्या अहवालात निघाली. पूर्ण फेडलेले जुने पीककर्ज तेथे थकीत दिसत होते. बँकेचा बेबाकी दाखला (काही देणे नसल्याचा) जोडून तक्रार केली. अशा तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. माझी नोंद त्याआधीच दुरुस्त झाली. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एक अहवाल विनामूल्य देतात, तेव्हा अर्जापूर्वी तो पाहावाच. शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास आयटीआर-४ चालत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या भाड्यासह मी आयटीआर-३ हे विवरणपत्र भरतो. कार्ड त्याच विवरणपत्रांवर मिळाले.

छायाचित्रण, चिमूर

कार्ड मला सहज मिळाले, पण लग्नसराई संपल्यावर त्यावर एटीएममधून रोख रक्कम काढली. तिला बिनव्याजी मुदत नसते. व्याज त्याच दिवसापासून दरमहा साडेतीन टक्क्यांनी लागले आणि शुल्क वेगळे. फेडायला सात महिने गेले. आता कार्ड केवळ अल्बमच्या छपाईसाठी वापरतो, आणि रोख लागल्यास पत्नीच्या बचत गटातून घेतो.